गाठ पडली मिरजेला

पोटरीत एक दुखरी गाठ, तिच्यावर मिळालेले डझनभर फुकट सल्ले आणि शेवटी एका बोटाची टिचकी!

गाठ सापडली ती यवतेश्वरच्या घाटात. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालली होती. 2012 पासून ही शर्यत होते. शहरातून निघायचं, घाट चढायचा आणि तसंच खाली यायचं, असा 21 किलोमीटरचा मामला. आठवडाभर हिंजवडीच्या ऑफिसात खुर्ची गरम करायची, शुक्रवारी रात्री खंबाटकी ओलांडून साताऱ्याला घरी पोचायचं आणि शनिवारी पहाटे अजिंक्यतारा डोळ्यांसमोर ठेवून घाटाला लागायचं, हे माझं रुटीन. जूनमधल्या अशाच एका शनिवारी एका वळणावर उजव्या पोटरीत कुणीतरी करंट सोडल्यासारखं झालं. थेट टाचेपर्यंत झिणझिण्या. कठड्यावर बसले, पाय चोळायला घेतला, तर हाताला काहीतरी लागलं. गुडघ्यामागच्या लवणीपासून चार बोटं खाली, आतल्या बाजूला. सुपारीएवढं, घट्ट.

त्या क्षणी मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. दुर्लक्ष!

आपल्याकडे कारणांना तोटा नसतो. आधी प्रोजेक्टची रिलीज होती, मग अप्रेझल आलं, मग रूममेटचं लग्न. मधल्या काळात मी स्वतःच डॉक्टर झाले होते. मसल चढलाय, असं ठरवून टाकलं आणि रोज रात्री फोम रोलरवर पोटरी रगडू लागले. रगडलं की तळव्यात वीज चमकायची. मला वाटायचं, वा, म्हणजे बरोबर जागी लागतंय. ऑफिसात पायावर पाय टाकून बसलं की पाच मिनिटांत तळवा मुंग्यांनी भरून जायचा. मीटिंगमध्ये अचानक पाय झटकला की समोरच्याला वाटायचं, बाईसाहेबांना त्याचं प्रेझेंटेशन बोअर होतंय. (कधीकधी तेही खरं असायचं.)

सप्टेंबरमध्ये घरी आईनं पाहिलं आणि मग काय, विषय पब्लिक झाला.

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये जे काही भरलं, त्याला कॉन्फरन्स म्हणायला हरकत नाही. बाबा म्हणाले, "पोटरीत गोळा येतो तसलं काहीतरी आहे. केळं खा, पाणी पी." शेजारच्या काकू म्हणाल्या, "करट असेल गं. पोटीस बांध, तोंड धरेल." आत्या पुण्याहून फोनवर होती, ती म्हणाली, "आवाळू आहे. आमच्या सासूबाईंच्या पाठीवर वीस वर्षं होतं." आईला वाटत होतं, धावताना कुठेतरी खरचटलं असणार आणि त्याचं अवधाण आलंय. आजीनं तिला तिथल्या तिथे करेक्ट केलं. "अवधाण जांघेत येतं. पोटरीत कसं येईल?"

तेव्हा हसून घेतलं. नंतर लक्षात आलं की या एकेका शब्दात एकेक निदान बसलेलं आहे. करट म्हणजे लाल, तापलेलं, ठसठसणारं, चार दिवसांत पिकणारं. केसतूड त्याचाच धाकटा भाऊ, केसाच्या मुळाशी. गळू म्हणजे आत पू झालेला. आवाळू म्हणजे वर्षानुवर्षं गप्प बसलेली, न दुखणारी गाठ. अवधाण म्हणजे पायाला जखम झाल्यावर जांघेत सुजणारी गाठ, सोबत बहुधा कणकण. सोनोग्राफी नव्हती तेव्हा आपली माणसं रंग, ऊब, दुखणं, जागा आणि दिवस एवढ्यावर गाठी ओळखत होती. डॉक्टरही सुरुवात त्यावरूनच करतात. आमची पंचाईत एवढीच की माझी गाठ यातल्या एकाही शब्दात बसेना. लाल नाही, गरम नाही, पिकत नाही, जखम नाही. पण दुखते. आणि तीन महिने झाले तरी जात नाही.

आजी मात्र वेगळ्याच काळजीत होती. तिचं माहेर जत तालुक्यातलं. बराच वेळ पायाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "नारू तर न्हवं?"

आमच्या पिढीनं हा शब्द ऐकलेला असण्याची शक्यता कमीच. दूषित पाण्यातल्या बारीक जीवातून हा जंत पोटात जायचा आणि वर्षभरानं बहुतेक वेळा पायातूनच बाहेर यायचा. आधी फोड, मग आग आणि मग दोऱ्यासारखा पांढरा जंत, वाढला तर हात-दीड हात, कधी त्याहूनही लांब. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय आणखी सुजायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, तेच पाणी प्यायचं आणि फुटलेल्या फोडासकट पाय त्यातच बुडवायचा, असं ते चक्र. ज्या राज्यांत नारूविरुद्ध मोहीम काढावी लागली, त्यांत महाराष्ट्रही होता. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. हे मी आजीला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग ह्ये काय हाय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रात्री आत्याचा पुन्हा फोन आला. यावेळी आवाज बारीक होता. "डॉक्टरला दाखव, पण फार कुणाला बोलू नकोस. स्थळं बघतोय आपण." तिच्यावर चिडावं की हसावं, कळेना. तिला काळजी होती हे खरं. पण माझ्या पायापेक्षा माझ्या बायोडेटाची जास्त!

त्या रात्री मी मोबाइल उशाशी घेऊन नको ते केलं. सर्च. दहा मिनिटांत पोटरीतून कॅन्सरपर्यंत पोचले. रनिंग ग्रुपमुळे टेरी फॉक्सचं नाव माहीत होतंच. कॅनडाचा पोरगा. 1977 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरनं उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. 1980 मध्ये कृत्रिम पाय लावून तो कॅन्सर संशोधनासाठी पैसे गोळा करायला देश धावून पार करायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला आणि मग आजार फुप्फुसात गेल्यानं थांबला. पुढच्या वर्षी गेला, बावीस वर्षांचा. आधी ही गोष्ट इन्स्पायरिंग वाटायची. त्या रात्री त्यात फक्त एकच ओळ दिसत होती. सुरुवात गुडघ्याच्या दुखण्यानं झाली.

सोमवारी रजा टाकली आणि एका दवाखान्यात गेले. गाव आणि नाव सांगत नाही, कारण तिथले डॉक्टर वाईट नव्हते, फक्त घाईत होते. बाहेर चाळीस पेशंट. मी उभ्या उभ्याच पॅण्ट वर केली, त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे. जागा बधिर करून काढू. दहा मिनिटांचं काम. गुरुवारी या."

खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन मी भेळ खाल्ली. दहा मिनिटं! टेरी फॉक्स नाही, नारू नाही, चरबी. आईला फोन, ऑफिसला मेल, गुरुवार-शुक्रवार वर्क फ्रॉम होम. सगळं सेट.

सेट नव्हता तो एकच माणूस. सांगलीचा मामा. त्याला मेडिकलमधलं काही कळत नाही, हळदीच्या व्यापारात जन्म गेला. पण त्याचा एक नियम आहे. "कापून घ्यायची एवढी कसली घाई हाय पोरी? आधी मिरजेला दावू. मग काप की काय कापायचं ते."

मिरजेला दाखवू!

साताऱ्या-सांगलीकडचे असाल, तर हे वाक्य तुमच्याही घरात कधी ना कधी उच्चारलं गेलं असेल. मिरजेची दुसरी ओळख सतार-तंबोऱ्यांची, पण आमच्याकडे मिरज म्हणजे दवाखाना. विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं 1894 मध्ये तिथे रुग्णालय उघडलं. तेव्हा मिरज हे संस्थान होतं. आणि रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे इकडून कोल्हापूर, तिकडून बेळगाव, पलीकडून पंढरपूर अशी चहूकडची माणसं पेशंट घेऊन उतरायची. वॉनलेस यांना 1928 मध्ये 'सर' केलं गेलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि गल्लोगल्ली दवाखाने, लॅब, एक्स-रेवाले आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी खानावळी असं एक गावच उभं राहिलं. पणजोबांचा मोतीबिंदू मिरजेला निघाला, मामीचं सिझर मिरजेला झालं. आमच्याकडे माणसाची वंशावळ आणि मिरजेच्या फाइल्स बरोबरीनं जपल्या जातात.

तर बुधवारी सकाळी साताऱ्याहून निघालो. कऱ्हाड, पेठनाका, सांगली. मामा गाडीत बसला आणि आम्ही मिरजेला एका जुन्या सर्जनकडे पोचलो. वय सत्तरीच्या आसपास, टेबलावर कम्प्युटर नाही. मी माझी सगळी स्टोरी एका दमात सांगितली. ते म्हणाले, "बस. आता मी विचारतो."

आणि त्यांनी वीस मिनिटं फक्त विचारलं. कधी कळली? तेव्हा केवढी होती, आता केवढी? वाढतेय की तेवढीच? रात्री झोपेतून उठवते का? वजन उतरलंय? ताप? आधी कधी इथे काही कापलंय? महिन्याभरात लांबचा प्रवास? गर्भनिरोधक गोळ्या? हा प्रश्न मामासमोर आला. मामा भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचू लागला.

मग टेप काढून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. सारखा भरला. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, "पोटरी दुखते म्हटल्यावर आधी रक्ताची गुठळी नाही ना, हे बघायचं. एकच पाय सुजलेला, गरम, आणि माणूस तासन् तास बसून आलेला असेल तर चोळायचं नाही, सरळ डॉपलर करायचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं." मला माझा फोम रोलर आठवला. माझं नशीब, की माझ्या पोटरीत गुठळी नव्हती. पण हे मला तीन महिने कुठे माहीत होतं?

मग त्यांनी मला पालथं झोपवलं. गाठ डावीकडून उजवीकडे हलवली. हलली. वरून खाली हलवली. हलेना. हे दोनदा केलं. मग मधलं बोट वाकवून त्या गाठीवर हलकेच टिचकी मारली.

मी टेबलावरून जवळजवळ खालीच पडले. तळव्यात वीज!

"ही चरबी नाही," ते म्हणाले. "चरबीला मुंग्या येत नाहीत. ही नसेची गाठ असणार. नस वरून खाली जाते, म्हणून गाठ आडवी हलते, उभी हलत नाही."

या टिचकीला टिनेलचं चिन्ह म्हणतात. पहिल्या महायुद्धात गोळ्या लागून नसा तुटलेले सैनिक फ्रान्सच्या झूल टिनेल या डॉक्टरसमोर यायचे. नसेवर टिचकी मारली की पुढच्या भागात झिणझिण्या येतात आणि त्यावरून नस पुन्हा वाढतेय का हे कळतं, असं त्यानं 1915 मध्ये लिहिलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी, युद्धाच्या दुसऱ्या बाजूला, जर्मनीच्या पॉल हॉफमननंही हेच लिहिलं होतं. दोन शत्रू देश आणि एकच टिचकी. शंभर वर्षांनंतरही तिला ना बॅटरी लागते, ना बिल.

मी घाबरत घाबरत गुरुवारचं सांगितलं. ते रागावले नाहीत. कागदावर एक दोरी काढली, दोरीच्या मधोमध फुगवटा काढला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता यातला फुगवटा काप बघू, दोरी न कापता." या नसेवर तळव्याची जाणीव असते आणि टाच उचलून चवड्यावर उभं राहण्याचं बळही. चरबीची गाठ समजून चिमट्यात धरून ओढली असती, तर नसेचे धागेही तिच्यासोबत आले असते. दहा मिनिटांत.

दुसरी शक्यताही त्यांनी लपवली नाही. मांसपेशीतला, चरबीतला कॅन्सर असतो, त्याला सार्कोमा म्हणतात. फार विरळा. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरांमागे जेमतेम एखादा. पण तो अंधारात, तपासणीशिवाय कापला तर त्याच्या पेशी आजूबाजूला पसरतात आणि पुढचं ऑपरेशन कितीतरी मोठं होऊन बसतं. म्हणून गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, खोल असेल, दुखत असेल किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर आधी फोटो, मग गरज पडली तर सुईनं तुकडा, आणि कात्री सगळ्यांत शेवटी. ब्रिटनमध्ये लोकांना समजावं म्हणून गोल्फच्या चेंडूचं माप सांगतात. आपल्याकडे गोल्फ खेळतो कोण! लिंबू म्हणा. लिंबाएवढी झाली की थांबायचं नाही. माझी लिंबापेक्षा लहान होती, पण खोल होती आणि दुखत होती. मागच्या तीन महिन्यांत मला हा हिशेब कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता.

एमआरआय सांगलीत झाला. आतून रस्ता खणण्याचं काम चालल्यासारखा तो आवाज, अर्धा तास. फिल्मवर मामालासुद्धा दिसलं. एक बारीक दोरी वरून येत होती, मध्ये सुपारीसारखी फुगली होती आणि खाली पुन्हा दोरी होऊन निघून जात होती. सगळ्यात लांब भाग 2.8 सेंटिमीटर. रिपोर्टवर नाव होतं श्वानोमा. एकोणिसाव्या शतकातल्या थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाच्या पेशी नसेभोवती कव्हर करतात. वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं. त्या कव्हरच्या पेशी एका जागी वाढल्या की ही गाठ होते. बहुतेक वेळा एकच असते, हळू वाढते आणि कॅन्सर होणं अगदी क्वचित. एकापेक्षा जास्त असल्या तर मात्र घराण्यात काही आहे का ते तपासतात.

"दुखत नसती, तर नुसतं लक्ष ठेवू म्हणालो असतो," डॉक्टर म्हणाले. "तुला पळायचंय. ठरव."

ठरवायला मला आठवडा लागला. कारण त्यांनी साफ सांगितलं होतं की नस सोलून काढायची म्हणजे थोडा बधिरपणा येऊ शकतो, क्वचित कायमचाही. ज्या बाईला तळव्याखालचा खडा कळत नाही, तिनं घाट कसा उतरायचा? पण दुसरीकडे मीटिंगमध्ये पाय झटकणं आणि रात्री कूस बदलताना ओरडणं. आईनं मला काहीच सल्ला दिला नाही. त्या सगळ्या दिवसांत सल्ला न देणारी ती एकटी, आणि त्याचाच मोठा आधार होता.

ऑक्टोबरमध्ये मिरजेतच ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन, त्यामुळे मी जागी. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. नसांचं काम करणाऱ्या एका तरुण सर्जननं डोळ्यांवर भिंग लावून बारीक करंट देत देत कुठला धागा काम करतो ते पाहिलं, काम न करणाऱ्या जागी उभी चीर दिली आणि शेंगेतून मटारचा दाणा निघावा तशी गाठ बाहेर काढली. पडद्यापलीकडून मला दाखवली. पिवळसर, चकचकीत, अगदी निरुपद्रवी दिसत होती. आमचे जुने सर्जन कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते.

लॅबचा रिपोर्ट आठव्या दिवशी आला. साधी गाठ, श्वानोमाच. मी आजीला म्हटलं, "आजी, नारू नव्हता." ती म्हणाली, "दोरीच हुती की पन."

टाचेजवळचा तळवा दोन महिने बधिर होता. आता रुपयाच्या नाण्याएवढी जागा उरलीय. त्या जागेवर खडा आला तर कळत नाही, म्हणून रोज अंघोळीनंतर पाय उलटा करून बघते. त्या वर्षीची हाफ मॅरेथॉन हुकली होती, रस्त्याकडेला उभी राहून पाणी वाटलं. पुढच्या वर्षी धावले. टायमिंग विचारू नका.

आणि आत्या? तिनं परवा फोन केला. तिच्या नणंदेच्या मांडीला गाठ आलीय, दुखत नाही पण मोठी होतेय. "तुला अनुभव आहे ना आता, फोटो पाठवते, बघून सांग." फोटो आला. मी तो उघडला नाही. मिरजेच्या दवाखान्याचा पत्ता आणि सकाळची वेळ तेवढी टाइप करून पाठवली आणि खाली लिहिलं, जुन्या सगळ्या फाइल्स बरोबर न्या.